सलग तीन तास

ऑनलाइन रोल-प्लेइंग गेम खेळते असं सांगितलं की समोरून पहिला प्रश्न येतो, एवढा वेळ मिळतो कुठून तुला? विचारणाऱ्याच्या फोनवरही बहुतेक वेळा दोन-तीन गेम असतात, कँडी क्रश असतो, लुडो असतो, पण ते जाता येता खेळायचे, त्यात वेळ जातो असं कोणी धरत नाही. माझा गेम मात्र वेळखाऊ. मी दोन्ही प्रकार बरीच वर्षं खेळतेय आणि मला यावर मनापासून बोलायचंय, कारण हा हिशोब सगळे तासांवर करतात आणि मला वाटतं तिथेच चुकतं. वेळ सलग लागतो की तुकड्यातुकड्यांत, आणि असा सलग वेळ घरात नक्की कोणाला मिळतो, हे बघायला पाहिजे.

ज्यांनी हे गेम पाहिलेच नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. एक भलंमोठं जग असतं, त्यात हजारो माणसं एकाच वेळी असतात, तुम्ही एक पात्र तयार करता आणि ते पात्र वर्षानुवर्षं वाढवत नेता. तुम्ही लॉगआउट केलं तरी ते जग चालूच राहतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्याला पॉज नाही. "दोन मिनिटं थांबव आणि जेवून घे" हे वाक्य मराठी घरात किती वेळा बोललं गेलं असेल देव जाणे, पण पलीकडे जिवंत माणसं आहेत, ती कशी थांबवणार.

माझी सुरुवात रुनस्केपपासून झाली, नाशिकला, दादामुळे. रुनस्केप २००१ मध्ये आला आणि तो ब्राउझरमध्ये चालायचा, म्हणून आमच्या जुन्या पीसीवरही चालायचा. कुऱ्हाड घ्यायची, झाडं तोडायची, मासे पकडायचे, मासे भाजायचे, प्रत्येक कामाची लेव्हल १ पासून ९९ पर्यंत. ९९ ला पोचायला १,३०,३४,४३१ एक्सपी, म्हणजे अनुभवाचे गुण, लागतात, आणि तुम्ही ९२ व्या लेव्हलला येता ना तेव्हा यातले साधारण निम्मे झालेले असतात. म्हणजे शेवटच्या सात पायऱ्या चढायला आधीच्या सगळ्या पायऱ्यांएवढी मेहनत. हे आकडे त्या काळी खेळणाऱ्या प्रत्येकाला पाठ असायचे, आम्हालाही होते. पण रुनस्केपचं एक बरं होतं, झाड तोडताना तुम्ही उठून पाणी पिऊन आलात तर कोणाचं अडत नाही, तो वेळ तुमचा एकट्याचा असतो. त्या काळात आमच्याकडे बीएसएनएलचं डेटावन ब्रॉडबँड होतं, ५०० रुपयांचा प्लॅन, त्यात रात्री २ ते सकाळी ८ वापरलेला डेटा मोजला जायचा नाही, त्यामुळे मोठं काही उतरवायचं तर रात्री २ चा अलार्म लावायचा, ही सवय त्या पिढीतल्या खूप जणांना असेल.

मग वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट. हा आला २००४ च्या नोव्हेंबरमध्ये आणि सुरुवातीला त्यातल्या मोठ्या लढायांना, ज्याला रेड म्हणतात, चाळीस माणसं लागायची. चाळीस! चाळीस जणांनी एका वेळी, एका ठरलेल्या दिवशी, तीन-चार तास बसायचं. मी खेळायला लागले तोवर ते दहा किंवा पंचवीसवर आलं होतं. दादा पुण्यात आयटीत लागला होता, त्याच्या क्रेडिट कार्डावर महिन्याचे पैसे जायचे, आणि भारतात सर्व्हर नसल्यामुळे आम्ही युरोपच्या सर्व्हरवर होतो. आमच्या गिल्डची, म्हणजे कायम एकत्र खेळणाऱ्या गटाची, रेड त्यांच्या रात्री आठला, म्हणजे आपल्याकडे हिवाळ्यात साडेबारा आणि उन्हाळ्यात साडेअकरा, कारण मार्चच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं एक तास पुढे जायची आणि आमच्यासाठी ती मोठी सोय व्हायची. तेव्हा कॉलेज संपलं होतं आणि नोकरी लागायची होती. पिंग तीनशे मिलिसेकंदांच्या आसपास, म्हणजे मी बटण दाबल्यावर पाव सेकंदाहून थोड्या जास्त वेळाने तिकडे काहीतरी व्हायचं. मी हीलर होते, म्हणजे साथीदारांच्या जखमा भरणारी, त्यामुळे कोणाला मार बसणार हे आधीच ओळखून बटण दाबायची सवय लागली.

एक रात्र सांगते, कारण ती कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. २०१० चा उन्हाळा, लिच किंग हा त्या वेळचा शेवटचा शत्रू, दहा जणांची आमची टीम. ह्या लढाईत तो मधूनमधून कोणाच्या तरी पायाखाली एक काळं डबकं टाकतो, आणि त्यात कोणी उभं राहिलं की प्रत्येक फटक्याला ते डबकं पसरतं. एकाने पाय बाजूला काढायला उशीर केला की दहा सेकंदात सगळी जमीन काळी, सगळे मेलेले, पुन्हा पहिल्यापासून. आम्ही आठवडेच्या आठवडे ह्या डबक्यावर मरत होतो. मला नेटच्या त्या लॅगमुळे उशीर व्हायचा, म्हणून आमच्या टीमची म्होरकी, स्वीडनमधली एक नर्स, ती डबकं पडायच्या तीन सेकंद आधी हेडफोनवर फक्त माझं नाव घ्यायची. बाकी नऊ जणांसाठी नाही, माझ्यासाठी. त्या रात्री पहिल्यांदा आम्ही त्याला दहा टक्क्यांपर्यंत आणलं, आणि एकदम स्क्रीनवर आम्ही सगळेच्या सगळे मरून पडलो. हेडफोनवर पूर्ण शांतता. आणि मग कळलं की तो गोष्टीचाच भाग आहे, दहा टक्क्यांवर तो सगळ्यांना मारतोच, मग त्याची तलवार तुटते, आपण पुन्हा उठतो आणि त्याला संपवतो. ओरडता येत नव्हतं कारण पहाटेचे तीन वाजत आले होते आणि शेजारच्या खोलीत आई-बाबा झोपलेले. मी उशीत तोंड खुपसून ओरडले.

आता ह्याला कोणी वाया गेलेला वेळ म्हणालं तर मी शांतपणे माझ्या बाबांची गोष्ट सांगते. बाबा हौशी नाटकवाले. राज्य नाट्य स्पर्धा जवळ आली की दोन-अडीच महिने रोज संध्याकाळी साडेसात ते साडेदहा तालीम, एका शाळेच्या वर्गात, बाकं बाजूला सरकवून. एक जण आला नाही तर सगळ्यांची तालीम अडायची, कारण त्याचं वाक्य नाही तर पुढच्याचं वाक्य नाही. ऑफिसातून थेट तिकडे, डबा तिकडेच. आणि शेवटी परशुराम साईखेडकर नाट्यगृहात एक प्रयोग. एक! कधी बक्षीस, बहुतेक वेळा नाही. पण त्या तीन तासांबद्दल घरात कधी कोणी विचारलं नाही की हे कशासाठी, कारण नाटकाची तालीम ही गोष्ट आपल्याकडे सगळ्यांना समजते, तिला मान आहे. रेड म्हणजे अगदी तेच आहे हो. ठरलेली वेळ, ठरलेली माणसं, प्रत्येकाचं काम वेगळं, शंभर वेळा तेच तेच करायचं आणि एकदा जमतं. माझ्या बाबांना मी एकदा हे असं समजावून सांगितलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "तुमचा दिग्दर्शक कोण?" त्या स्वीडनच्या बाईंबद्दल मग ते अधूनमधून चौकशी करायचे.

ह्याचा अर्थ हे गेम वेळ मागतात ते सगळं मला मान्य आहे असं नाही. वॉरक्राफ्टच्या पहिल्या दोन वर्षांत खेळाडूंनी खेळाडूंशी लढून मिळवायची एक पदवी होती, चौदावी रँक, आणि ती मिळवायची पद्धत अशी होती की दर आठवड्याला तुमची तुलना तुमच्याच सर्व्हरवरच्या बाकीच्यांशी. तुम्ही झोपलात आणि दुसरा झोपला नाही तर तो वर. म्हणून लोक एकच अकाउंट आळीपाळीने चालवायचे, दिवसरात्र. ही पद्धत पुढे त्यांनी काढून टाकली आणि बरंच झालं, कारण यात साथीदार कोणी नाही, नुसती जागरणाची शर्यत आहे. फायनल फँटसी इलेव्हन ह्या जपानी गेममध्ये तर लॉगिन करताना सूचनाच यायची की तुमचं कुटुंब, मित्र, शाळा, काम विसरू नका. मला ही सूचना फार आवडते, निदान समोर बसवून स्पष्ट सांगितलं की बाबा रे, हे जग मोठं आहे, गुंतशील.

आणि वॉरक्राफ्टची ती रेस्टेडची गोष्ट. गेम बनत असताना त्यांनी असं ठेवलं होतं की फार वेळ खेळलात तर मिळणारा अनुभव निम्मा होईल, हेतू हा की लोकांनी थोडी विश्रांती घ्यावी. टेस्टिंग करणारे भडकले, आम्हाला शिक्षा का म्हणून. मग त्यांनी काय केलं, जो पूर्ण होता त्याला दुप्पट म्हणायला लागले आणि जो निम्मा होता त्याला नेहमीचा. हिशोब तोच राहिला, पण आता विश्रांती घेणाऱ्याला बक्षीस मिळतंय असं दिसायला लागलं आणि सगळे खूश. गेम बनवणारे लोक वेळेबद्दल आपल्याला काय वाटतं याचा किती बारीक विचार करतात ते यातून कळतं, आणि हाच बारीक विचार पुढे फोनवरच्या गेममध्ये गेला.

फार्मव्हिल आठवतंय? २००९ ला फेसबुकवर. स्ट्रॉबेरी लावली की चार तासांनी तयार, आणि तुम्ही वेळेवर काढली नाही तर सुकून जायची. माझ्या पहिल्या ऑफिसमधल्या मॅडम, पन्नाशीच्या, कधी कुठला गेम न खेळलेल्या, त्या जेवणाच्या सुट्टीत डबा उघडायच्या आधी पीक काढायच्या. एका वेळी पाच मिनिटंच. कँडी क्रशला पाच लाइफ, एक लाइफ परत यायला अर्धा तास, पाचही भरायला अडीच तास. हरलात की गेम स्वतःच तुम्हाला घालवून देतो, थोड्या वेळाने या म्हणतो. दिसायला किती चांगलं, जबरदस्तीची विश्रांती. पण त्या अर्ध्या तासात डोक्यात एक घड्याळ चालू होतं, आणि ते घड्याळ बाकीच्या कामांच्या खाली टिकटिकत राहतं.

गेन्शिन इम्पॅक्टमध्ये हे अजून नेमकं आहे. तिथे रेझिन नावाची शक्ती असते, दर आठ मिनिटांनी एक भरते. आधी कमाल १६० होती, म्हणजे २१ तास २० मिनिटांत टाकी फुल, त्यानंतरचं वाया. आता गणित बघा, दिवस चोवीस तासांचा आणि टाकी साडेएकवीस तासांच्या आतच भरणारी. म्हणजे रोज एकाच वेळी खेळणाऱ्याचंही थोडं सांडणारच, सांडू द्यायचं नसेल तर दिवसातून दोनदा उघडा. २०२४ मध्ये त्यांनी कमाल २०० केली, म्हणजे २६ तास ४० मिनिटं, तेव्हा खेळणाऱ्यांनी सुटकेचा श्वास सोडला, रोजच्या ठरावीक वेळेला खेळलं तरी आता काही सांडत नाही. एका आकड्यात एवढा फरक.

मी हे गेम वाईट म्हणत नाहीये, मी स्वतः ते खेळते आणि दवाखान्यात नंबर लागेपर्यंत त्यांच्यासारखी सोबत नाही. पण हे कमी वेळ घेतात हे मला पटत नाही. हे वेळ मागत नाहीत, वेचतात. लिफ्टमधला, कुकरच्या तिसऱ्या शिट्टीपर्यंतचा, मीटिंग सुरू व्हायच्या आधीचा. रात्री हिशोब करायला बसलं तर एक रेड त्यात सहज बसली असती, आणि त्या सगळ्या तुकड्यांतून आठवणीत काय राहतं म्हणाल तर काही नाही, तो लिच किंग मात्र मला अजून मिनिटामिनिटाने आठवतो.

आणि आता मुख्य मुद्दा. लग्न झालं, मुलगी झाली, आणि माझी रेड बंद झाली. गेमने मला सोडलं नव्हतं आणि मलाही तो नकोसा झाला नव्हता, मला सलग तीन तास मिळेनासे झाले. तास तेवढेच होते. नवरा समजूतदार आहे, सासूबाई कधी टोचून बोलल्या नाहीत, पण घरातल्या बाईचा वेळ हा सगळ्यांनी मिळून वापरायचा असतो असं काहीतरी न बोलता ठरलेलं असतं. माझा गणवेश कुठे, गॅसवाला आलाय, आत्याबाईंचा फोन आहे, भाजीला मीठ किती टाकू. प्रत्येक काम दोन मिनिटांचं. तीन तासांत अशी दहा कामं आली तर कामाची मिळून वीस मिनिटं होतात, पण तीन तास उरत नाहीत, उरतात ती अकरा चिंध्या. त्याच घरात भारत-ऑस्ट्रेलिया मॅच असते तेव्हा बसलेल्या पुरुषाला कोणी उठवत नाही. ट्वेंटी-ट्वेंटी म्हटलं तरी साडेतीन तास, वनडे असेल तर अख्खा दिवस, आणि तो सलग मिळतो. आईचंही असंच होतं, बाबांच्या तालमीचे तीन तास अभंग राहिले ते आईने तिचे तास तोडून दिले म्हणून. हे मला बाबांबद्दल एवढं प्रेमाने लिहिताना सुद्धा म्हणावंच लागेल.

म्हणून ओळखीतल्या कितीतरी बायका फोनवर तुकड्यातुकड्यांचे गेम खेळताना दिसतात त्याचं मला नवल वाटत नाही. त्यांना खोल, मोठं काही आवडत नाही असं अजिबात नाही. त्यांचा दिवस आधीच कापलेला आहे आणि त्या कापलेल्या दिवसाच्या मापाचा एवढाच गेम आहे. माझी एक मैत्रीण, चार वर्षं कँडी क्रशच खेळणारी, तिला मी एकदा माझ्या घरी एक अख्खी दुपार वॉरक्राफ्टमध्ये बसवलं तर ती संध्याकाळी उठायला तयार नव्हती, आणि जाताना म्हणाली, असं काही मला मिळणारच नाही गं घरी.

एमएमओवाल्यांनाही, म्हणजे हे हजारो माणसांचे ऑनलाइन गेम बनवणाऱ्यांनाही, हे दिसत नव्हतं असं नाही. २००९ च्या डिसेंबरात वॉरक्राफ्टमध्ये डंजन, म्हणजे पाच जणांची छोटी मोहीम, तिच्यासाठी डंजन फाइंडर आला, बटण दाबा आणि गेम स्वतःच चार अनोळखी माणसं जोडून देतो, वीस-पंचवीस मिनिटांत काम संपतं, नमस्कार नाही की नाव नाही. वेळ वाचला, मला तर बाळ झाल्यावर तेवढंच जमत होतं, पण ज्यांच्यासाठी जागायचं ती माणसंच त्यातून निघून गेली. माझा हा दुखरा कोपरा आहे, ह्यावर मी दोन्ही बाजूंनी वाद घालू शकते. फायनल फँटसी फोर्टीनचे प्रमुख नाओकी योशिदा उघडपणे सांगत आलेत की सारखं खेळत राहायची गरज नाही, मध्ये बंद करा, दुसरे गेम खेळा, नवीन काही आलं की परत या. आणि मी सध्या खेळते तो गिल्ड वॉर्स टू, त्याला महिन्याचे पैसे नाहीत, २०१२ पासून सर्वात वरची लेव्हल ८० च आहे, तेव्हा मेहनतीने केलेलं लेजंडरी हत्यार आजही सगळ्यात वरच्या दर्जाचंच आहे. वर्षभर गेलीच नाही तरी परत आल्यावर मी मागे पडलेली नसते. नोकरी-संसार असलेल्या माणसाला हे किती मोठं आहे हे सांगून समजणार नाही. तिथे आमचा पाच जणींचा गट आहे, दोघी पुण्याच्या, एक मस्कतला, एक लंडनला, आणि शनिवारी रात्री साडेनऊ ते साडेबारा हे तीन तास आम्ही पाचही जणींनी आपापल्या घरी आधी सांगून ठेवलेत. नवऱ्याला मी तालीम म्हणूनच सांगितलं, तो त्या वेळात मुलीला झोपवतो आणि दाराची बेल वाजली तर तोच उघडतो.

लुडो किंगबद्दल राहिलं. नवी मुंबईच्या कंपनीचा गेम, २०१६ चा, आणि २०२० च्या लॉकडाऊनमध्ये अख्खा देश त्यावर होता. आम्ही सगळी आतेमामे भावंडं रोज रात्री ग्रुपवर रूम कोड टाकायचो, मावशी अमळनेरहून, काका डोंबिवलीहून. गेम साधा, कॅज्युअल, पण नऊ वाजता म्हणजे नऊ वाजता, आणि काकांना उशीर झाला तर फोन जायचा. ठरलेली वेळ आली, तीच ती माणसं आली, की लुडोसुद्धा आमच्यासाठी रेडच झाला. म्हणून मी गेमच्या नावावरून भांडत नाही.

सध्या आमच्याकडे हा विषय पेटलाय तो भाच्यामुळे, दादाचा मुलगा, सतरा वर्षांचा, बीजीएमआय, म्हणजे फोनवरचा बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया हा गोळीबाराचा गेम, खेळतो. त्यात १८ वर्षांखालच्यांना दिवसाला तीन तासांची मर्यादा आहे, आणि दादाचं म्हणणं की तीन तास तरी कशाला. मी म्हटलं, अरे मर्यादा एकूण वेळेची आहे, तुझी भांडणं होतात ती वेळ ठरलेली नाही म्हणून. तो चौघांच्या टीममध्ये खेळतो, एक मॅच अर्ध्या तासाची, आणि तू विसाव्या मिनिटाला वायफाय बंद करतोस, मग उरलेल्या तिघांनी काय करायचं? बसून ठरवलं मग, मंगळवार, शुक्रवार आणि रविवारी रात्री नऊ ते साडेदहा त्याचे, जेवण साडेआठला होणार, त्या दीड तासात कोणी हाक मारायची नाही आणि बाकीच्या दिवशी फोन बाहेरच्या खोलीत. भाच्याने लगेच टीमला कळवलं. वहिनी इतका वेळ भांडी लावत ऐकत होती, ती बाहेर येऊन म्हणाली, मलाही असं लिहून द्या. रविवारी सकाळी सात ते दहा तिने मागून घेतले, लग्नाआधी पेटी वाजवायची ती, आता गंगापूर रोडला एका बाईंकडे परत जायला लागलीये. पण तिचा फोन त्या तीन तासांत अजून चार-पाच वेळा वाजतो, गूळ कुठल्या डब्यात आहे, इस्त्रीवाल्याला किती द्यायचे. दादाशी ह्या रविवारी तेवढंच बोलायचं राहिलंय.